कोरडी बाजू

पाणी रेघेलाच होतं. सकाळी सातला आक्कानं बाटलीवर पेन्सिलीनं मारलेली ती करंगळीच्या नखाएवढी रेघ, आणि आता साडेदहा वाजले तरी पाणी त्या रेघेला असं टेकून बसलेलं, जणू त्याला तिथं कुणी खुर्ची टाकून दिली आहे. तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, वाकडी करून पाहिली, पुन्हा सरळ केली. एक घोट नाही. साडेतीन तासांत एका जित्याजागत्या माणसाच्या पोटात एक घोट नाही, आणि ती बघा पलीकडं, सहा नंबरच्या उशीचा अभ्रा कसा ओढूनओढून बसवतेय, एक सुरकुती म्हणून दिसता कामा नये, उशीला केवढं जपतेय बया...

इस्त्री. हे नाव आक्कानंच ठेवलेलं, मनातल्या मनात. तोंडानं ती तिला 'अगं' म्हणायची, फार झालं तर 'अगं बाई'. पण मनात इस्त्रीच. कडक घडीचा गणवेश, कडक घडीच्या चादरी, बोलणंसुद्धा चुरगळलेलं नाही — 'हो आक्का', 'बरं आक्का', 'करते आक्का'. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून? भांडायला कुठंतरी बोट शिरायला हवं.

हॉलमध्ये बारा खाटा. सहा खिडकीच्या बाजूच्या, सहा दाराच्या, दोन्हीकडं एक ते सहा नंबर. ज्यांना आपलं आपण उठता येत नाही, कूस बदलता येत नाही, पेला तोंडाला लावता येत नाही, अशी बारा म्हातारी माणसं आणि दिवसाला दोन बायका. दाराची बाजू आक्काची, एकोणीस वर्षं झाली. खिडकीची बाजू इस्त्रीची, दीड वर्ष. आणि या दीड वर्षात आक्रीत असं घडलेलं, की खिडकीच्या बाजूची चादर ओली होत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिस्टर धुण्याचे कागद घेऊन बसायची, या बाजूच्या चादरी इतक्या, त्या बाजूच्या इतक्या, आणि मग उठून खिडकीच्या वर भिंतीला एक हिरवा कागदी तारा चिकटवायची. चौदा तारे झाले होते. दाराच्या वर नुसती भिंत होती. 'आक्का, तुमच्या बाजूला जरा वास येतो हं,' सिस्टर म्हणायची, गोड आवाजात, आणि आक्का म्हणायची, 'माणसं आहेत सिस्टर, अत्तराच्या बाटल्या नाहीत.' म्हणायची खरी. पण घरी जाताना ते चौदा तारे डोळ्यांत खुपायचे. एकोणीस वर्षांत आपल्याला एक चिकटवावासा वाटला नाही कुणाला. दुसरीपर्यंत शाळा झाली, तिथंही नाही आणि इथंही नाही.

आणि त्या खिडकीत तो वेल.

कुंडी केवढीशी, पण वेल असा माजलेला की पानं तळहाताएवढी, गजांना वेटोळे घालून वर चढलेला. भेटायला येणारी माणसं आधी वेलाजवळ जायची, मग आपल्या आईजवळ. 'हात चांगला आहे हो तुमचा,' असं इस्त्रीला म्हणायची. आक्कालाही तसंच वाटायचं. कालपर्यंत. काल सकाळी तिनं पहिल्यांदा रेघ मारली, कुणाला न सांगता, पाच नंबरच्या बाटलीवर. दुपारी तीनला पाणी रेघेलाच. आणि चारला सिस्टरची फेरी आली तेव्हा सहाच्या सहा बाटल्या रिकाम्या, तळाला थेंब नाही, आणि सिस्टर खूश. मग आक्का हळूच खिडकीशी गेली होती, बाहेर बघितल्यासारखं करून कुंडीत बोट खुपसलं होतं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल.

सहा माणसांचं पाणी एकटा वेल पीत होता.

"बाई," आक्का पाच नंबरवर वाकली. "ओ बाई. डोळे उघडा बघू."

पाच नंबर म्हणजे टेलिफोनबाई. एकतीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत, कानाला यंत्र लावून, इकडची दोरी तिकडच्या भोकात खुपसून माणसं जोडून देत बसलेली. कंबरेखालचं शरीर गेलं होतं, पण डोकं असं की हॉलमधल्या सगळ्यांच्या घरचे नंबर पाठ. आक्काला आकडे ओळखू यायचे, पण दहा आकडे एका ओळीत आले की ते मुंग्यांसारखे पांगायचे. मुलाला फोन करायचा असला की ती टेलिफोनबाईकडे यायची आणि बाई डोळे मिटून, खालच्या पट्टीत, एकेक आकडा सुटा करून सांगायच्या, जसं काही समोर कुणी वाट बघत बसलं आहे. एकोणीस वर्षांत आक्कानं कुणासमोर मान खाली घातली असेल तर ती एवढ्यासाठी, आणि बाईंनी ते कधी तिला जाणवू दिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यापासून बाई बरळत होत्या. खाटेच्या गजात बोटं घालून ओढायच्या, 'थांबा, जोडते... लाईन व्यस्त आहे...' आणि परवा आक्काच्या मुलाचा नंबर चुकला. सिस्टरनं लावून दिला तर पलीकडं कुणी भलताच खेकसला. काल डॉक्टर आले, बाईंच्या पापण्या ओढून पाहिल्या, वार विचारला, वर्ष विचारलं, आणि कागदावर काही लिहिलं. 'उद्या संध्याकाळी पुन्हा बघतो. असंच असेल तर वर हलवू.'

वर. वरच्या मजल्याला कुलूप असतं. तिथं ती माणसं ठेवतात ज्यांचं डोकं गेलं म्हणून लिहून झालं आहे. तिथं खिडक्या उंच आहेत आणि तिथून खाली आलेलं माणूस आक्कानं पाहिलेलं नाही, म्हणजे पायांनी आलेलं नाही. आणि हे सगळं ती डॉक्टरला सांगणार होती, की साहेब, हिचं डोकं नाही गेलं, हिचा घसा गेलाय, हिची जीभ बघा, चामड्यासारखी झाली आहे... पण ज्यानं एवढी पुस्तकं वाचली त्याला दुसरी पास बाईनं काय सांगायचं? जीभ त्याला दिसली नाही का? पापणी दिसली आणि जीभ नाही दिसली?

तिनं तोटीचा कप भरला. बाईंचे ओठ भेगाळलेले, कडेला पांढरं साकळलेलं.

"नको," बाई म्हणाल्या.

"घोटभर."

"नको... ओलं होईल."

"होऊ दे की. चादर तुमच्या बापाची आहे का?"

बाई हसल्यासारखं झालं, मग ते विझलं. आक्कानं कप ठेवला, चमचा घेतला. एक चमचा. जिभेवर पडला आणि जिभेला तो ओळखूच आला नाही, तसाच गालातून बाहेर आला. दुसरा. तिसरा खाली उतरला. गळ्याची हाडं हलली. आक्का मोजत होती, मनात, दहापर्यंत मोजून पुन्हा एकपासून, कारण दहाच्या पुढं तिचा भरवसा नव्हता.

"आक्का," पाठीमागून इस्त्री. "मी पाजते ना. तुमची दोन नंबर हाक मारतेय."

"मारू दे. तिला आवाज आहे."

"पण ही बाजू माझी आहे."

"बाजू तुझी. माणूस कुणाचं?"

इस्त्रीची घडी तरी मोडली नाही. नुसती उभी राहिली, हातातला अभ्रा छातीशी धरून, आणि तिची नजर क्षणभर बाटलीवरच्या रेघेवर गेली आणि परत आली. पाहिलं तिनं. बरं झालं पाहिलं.

तीनदा दहा मोजून आक्का आपल्या बाजूला गेली. दोन नंबरच्या आजींना कूस बदलून हवी होती, चार नंबरनं सकाळचं दूध ओकलं होतं, एक नंबरची चादर सकाळपासून दुसऱ्यांदा... आक्कानं ती ओढून काढली, ओली, जड, ऊबदार, आणि रोजच्यासारखा कपाळात एक तिडीक उठण्याऐवजी तिला वाटलं, हे बघ, हे जिवंत आहे. मग स्वतःचाच राग आला. मुताच्या चादरीचं कौतुक करायला लागले मी. उद्या आरती — छे, उद्या तारा चिकटवीन तिच्यावर.

दुपारी एकला दोघी मागच्या खोलीत डबा खायला बसल्या. एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला घड्याळ, बादल्यांचा वास. इस्त्रीनं आपला डबा उघडला, झाकण बाजूला नीट ठेवलं, मग आक्काच्या पेल्यात पाणी ओतलं.

"राहू दे," आक्का म्हणाली.

"नेहमी राहू दे म्हणता."

"तहान नाही मला. जुनं हाड आहे."

इस्त्रीनं पेला मागं घेतला नाही. तिथंच ठेवला, दोघींच्या मधोमध, आणि आक्का खाताना त्या पेल्याकडे न बघण्याची काळजी घेत राहिली. सकाळी घरीही हेच. सुनेनं चहाचा कप पुढं केला होता आणि आक्कानं दोन घोट घेऊन उरलेला मोरीत ओतला होता, सून पाठमोरी असताना. सून पाठमोरी होती, पण तिचे खांदे... सुनेचे खांदे बघत होते. सून शहाणी आहे. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही, फक्त आक्काच्या पिशवीत तळाला एक जादा परकर आणि एक फडकं, घडी करून, रोज, गेल्या महिन्यापासून... आणि आक्कानं कधी विचारलं नाही की हे कुणी ठेवलं. विचारलं असतं तर ठेवणारीनं सांगितलं असतं की का ठेवलं.

तो विचार तिनं डब्याचं झाकण लावून बंद केला.

"तुझी पोर कशी आहे?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पाळणाघराच्या पायरीवर बसते," इस्त्री म्हणाली. "पाचला बंद करतात ते. कुलूप लावतात आणि तिला पायरीवर बसवतात. पाच वाजून दहा मिनिटं झाली की ती रस्त्याकडं बघणं सोडते, असं शेजारची दुकानदारीण सांगत होती. खाली बघत बसते."

आक्काला हे माहीत नव्हतं. दीड वर्ष एका टेबलावर जेवून माहीत नव्हतं. तिला ते माहीत करून घ्यायचंही नव्हतं, आज तर नाहीच. रागाच्या दिवशी समोरच्याच्या घरचं कळू नये, राग पातळ होतो. सुटायच्या वेळेला, साडेचारला, एक चादर ओली झाली की ती बदला, माणूस पुसा, खाली धुण्याच्या खोलीपर्यंत न्या, कागदावर लिहा, वीस मिनिटं. हे गणित आक्काला दुसरीत शिकवलेलं नव्हतं, तरी जमलं.

म्हणून काय, तिनं स्वतःला विचारलं. म्हणून सहा माणसं वाळवायची?

दोन वाजता बाई जोरात बरळत होत्या. गजात बोटं, 'हॅलो... हॅलो... आवाज येत नाही तुमचा...' आक्कानं पुन्हा चमचा घेतला. तीनदा दहा, पुन्हा तीनदा दहा. मग कपाची तोटी ओठांत धरून थोडं थोडं. बाईंनी मध्येच तिचं मनगट पकडलं, केवढ्या जोरानं, आणि डोळे उघडून म्हणाल्या, "उठायला परवानगी नव्हती आम्हाला."

"कुठून?"

"बोर्डावरून. सहा तास. उठलीस तर लाईन कोण बघेल? म्हणून पाणी प्यायचंच नाही. सकाळपासून नाही. आम्ही सगळ्याच... एक होती, तिचं एकदा खुर्चीवरच झालं, तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. परत आलीच नाही."

आक्का थबकली. हे बरळणं नव्हतं. यात आधी आणि नंतर होतं, एकाला एक जोडलेलं होतं. ती वाट बघत राहिली, आणखी बोलतील म्हणून. पण बाईंचे डोळे पुन्हा मिटले, आणि मनगट सुटलं, आणि गजातली बोटं — बोटं मात्र आता स्वस्थ होती.

कामाला लागायला हवं होतं. ती लागली. पण कूस बदलताना, भरवताना, पुसताना ती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना... आणि खुर्चीच्या जागी बसमधली सीट आली, खिडकीशेजारची, निळ्या रेक्झिनची. गेल्या महिन्यातली. आपला थांबा आला आणि गेला. मग पुढचा. माणसं चढली, उतरली, एका पोरीनं 'आजी, बसते हं' म्हणून शेजारी बसायला वाकून बघितलं आणि दुसरीकडं गेली. आक्का खिडकीबाहेर बघत बसून राहिली, मान ताठ, शेवटच्या थांब्यापर्यंत, कंडक्टरनं 'उतरा आजी' म्हणेपर्यंत, आणि तो पुढं गेल्यावर उठली, पिशवी मागं धरून. सात थांबे चालत आली होती उलटी. घरी सांगितलं, बस बंद पडली. ज्या घरात तिच्या शब्दाशिवाय पंख्याचं बटण दाबलं जात नाही, त्या घरात ती दारातून आत भिंतीला पाठ लावून शिरली होती.

दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद. सकाळी दोन घोट, रात्री घरी पोचल्यावर पेलाभर. दिवसभर जिभेला चव नाही, तिसऱ्या प्रहरी डोकं गरगरतं, जिन्यावर एकदा कठड्याला धरून उभी राहिली. पण कोरडी. अगदी कोरडी.

मग माझ्या बाटलीवर रेघ मारायला कोण येणार होतं?

चार वाजायला दहा मिनिटं असताना बाईंची चादर ओली झाली.

आक्काला आधी वास आला, आणि ती पाच नंबरकडे जवळजवळ पळाली. चादर उचलून पाहिली. मोठा, गडद, पसरलेला डाग. रंग वाईट होता, पण होता. आलं. आठवडाभरानं एवढं आलं. "शाब्बास," ती म्हणाली, तोंडानं, ऐकू जाईल असं. "शाब्बास बाई."

आणि बाई रडत होत्या.

आवाज न करता, तोंड भिंतीकडं करून. दोन्ही हातांनी चादरीचं टोक ओढून तो डाग झाकायचा प्रयत्न चाललेला, हात पोचत नव्हता. "मी नाही," त्या म्हणत होत्या. "मी नाही हं... मी सांगितलं होतं नको... मी कधीच नाही..."

आक्काचा हात तसाच राहिला, चादरीचं टोक धरून. शाब्बास हा शब्द अजून खोलीत होता आणि तो परत घेता येत नव्हता.

सिस्टरची फेरी नेमकी तेव्हाच. "खिडकीच्या बाजूची? आज?" तिनं कागदावर पेन टेकवलं.

"आक्कांनी पाजलं," इस्त्री म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात, हिशेब होता.

सिस्टरनं आक्काकडे पाहिलं. आक्कानं सांगायला हवं होतं — बाटलीवरची रेघ, कुंडीतला चिखल, सगळं. सांगायला किती वेळ लागतो? पण सांगायचं म्हणजे बाईंच्या उशाशी उभं राहून सांगायचं, आणि बाई ऐकत होत्या. आता तर त्या नीट ऐकत होत्या, तेच वाईट. "लिहा," आक्का म्हणाली. "माझ्या नावावर लिहा. डॉक्टर येतील तेव्हा मी इथंच आहे म्हणून सांगा. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"तुम्हाला?" सिस्टरच्या भुवया वर गेल्या.

"का, त्यांना मराठी येत नाही?"

सिस्टर गेली. दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, कारण चादर बदलायला दोघी लागतात. आक्कानं बाईंना आपल्याकडं कुशीवर घेतलं, इस्त्रीनं ओली चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली, कोरडी पसरली, मग बाईंना तिच्याकडं. हात चांगला होता पोरीचा. खरंच चांगला. कुठं ओरखडा नाही, कुठं हिसका नाही. हे सगळं येतं हिला आणि तरी...

"तुम्हीच शिकवलंत मला," इस्त्री म्हणाली. खाली मान घालून, पुसता पुसता, अगदी हळू.

"काय?"

"मी आले त्या आठवड्यात. भेटीचा वार होता. म्हणालात, आज दुपारी पाण्याला जरा हात आखडता घे, लेकी-सुना यायच्यात, त्यांच्यासमोर म्हाताऱ्यांची लाज जायला नको. मग मी बघितलं, भेटीच्या दिवशी कुणी रडत नाही. बाकीच्या दिवशी रडतात, ओलं झालं की. मी केलं नाही असं म्हणतात. हे असं, आत्ता करतायत तसं." तिनं फडकं पिळलं. "तर म्हटलं रोजच भेटीचा वार करावा. त्या स्वतःच नको म्हणतात आक्का. मी जबरदस्ती करत नाही. नको म्हटलं की ठेवून देते."

"आणि कुंडीत ओततेस."

"मग काय मोरीत ओतू? सिस्टरला रिकामी लागते." मग, तोच आवाज, तीच घडी: "आणि तुम्ही तरी कुठं पिता? मला दिसत नाही का? तुमचा पेला रोज मीच धुते, तो भरलेलाच असतो. पिशवीत खाली कपडे असतात तुमच्या. परवा जिन्यात कठडा धरून उभ्या होतात. तुम्हाला कोरडं राहावंसं वाटतं, त्यांना नाही वाटणार?"

आक्कानं तोंड उघडलं. या तोंडानं सासू गप्प केली होती, दीर गप्प केले होते, एकदा पोलीस गप्प केला होता. आत्ता त्यात काही नव्हतं. जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली, शब्दशः राहिली, सोलपटासारखी, आणि तिला कळलं की ही बाईंचीच जीभ आहे, सकाळपासून आपण जिच्यावर चमच्यानं पाणी टाकत होतो ती. एवढा वेळ आपल्या तोंडात होती. चीड आली. इस्त्रीची, की हिनं पाहिलं. सुनेच्या त्या घडीची. त्या निळ्या रेक्झिनची. आणि सगळ्यात जास्त आपल्याच त्या वाक्याची, भेटीच्या वाराच्या, जे आपण किती प्रेमानं, किती शहाणपणानं बोललो होतो... एक वाक्य, जाता जाता फेकलेलं, आणि या पोरीनं ते उचलून घडी घालून दीड वर्ष वापरलं.

"आकडे लिहून घेता का," बाई अचानक म्हणाल्या. तोंड अजून भिंतीकडंच होतं. "तुमच्या मुलाचे. परवा माझं चुकलं होतं."

आक्कानं खिशातली पेन्सिल काढली. कागद नव्हता. बाई एकेक आकडा सुटा करून सांगत गेल्या, खालच्या पट्टीत, आणि आक्का तळहातावर लिहीत गेली, मोठे, वाकडे, दहाच्या दहा. शेवटचे दोन सांगताना बाई थांबल्या, मग सांगितले. परवाचे होते तेच की दुसरे, आक्काला आठवेना. तिला कधीच आठवणार नव्हते. लावून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि फोन सिस्टरच्या खोलीत होता, आणि घड्याळात साडेचार वाजून गेले होते, डॉक्टर पाचला. बरोबर असतील. असू देत. तिनं मूठ मिटली, पुसलं जाऊ नये म्हणून फार घट्ट नाही.

मग तिनं दुसऱ्या हातानं पाच नंबरची बाटली उचलली. अर्ध्याच्या खाली उतरली होती, रेघ वर एकटीच राहिली होती. तोटीचा कप भरला, बाईंच्या उशाशी ठेवला. आपला पेला मागच्या खोलीतून आणला. दुपारचं पाणी त्यात तसंच होतं, मधोमध ठेवलेलं. खाटेशी उभी राहून ती ते प्यायली. घोट घोट नाही, सगळं, एका दमात, हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला तरी न थांबता. पाणी कोमट होतं, त्याला भांड्याचा वास होता. खाली उतरताना ते जाणवत होतं, छातीतून, पोटात, आणि त्याच्या मागोमाग ती ओळखीची भीती, की आता इथून बस, नऊ थांबे... भीती गेली नाही. ती राहिलीच, पाण्याबरोबर आत जाऊन बसली. पण आता ती आक्काची एकटीची नव्हती. हॉलमध्ये बारा खाटांवर ती होती, आणि समोर ओली चादर काखेत धरून उभी असलेली पोरगी तिच्याकडं बघत होती, पहिल्यांदा, गणवेशाच्या पुढचा भाग भिजलेला, चुरगळलेला.

आक्कानं पेला रिकामा करून तिच्यापुढं धरला. बोलायला आता जीभ सुटी झाली होती.

"बघ, प्यायले. आता बसमध्ये माझं काय व्हायचं ते होईल, ते मी बघेन. तुला शिकवलं ते मी चुकीचं शिकवलं, तेवढं माझं. बाकीचं तुझं. तू वाईट असतीस तर आज सिस्टरला सांगून तुला घालवली असती आणि सुखानं झोपले असते. तू वाईट नाहीस, तू नुसती नीटनेटकी आहेस, आणि तुझ्या नीटनेटकेपणापायी ही बाई कुलपात जात होती. नको म्हणतात म्हणून ठेवून दिलंस म्हणे. नको म्हणतात ते पाण्याला नाही गं, तुझ्या तोंडाकडं बघून म्हणतात. उद्यापासून खिडकीची बाजू माझी, दाराची तुझी. साडेचारनंतरच्या चादरी दोन्ही बाजूंच्या मी बदलीन, तू पोरीला आणायला जा, तिला खाली बघत बसवू नकोस. ती चादर ठेव आता इथं आणि नीघ. आणि जाताना तो वेल घरी घेऊन जा. माझ्या बाजूला तो जगायचा नाही."